गाडीला आलेला घाम

वहिनी: ऐकलंत? टक, टक, आणि मधेच उचकी. मग पुन्हा टक, टक, आणि मधेच दोन उचक्या.

वन्सं: बंद करू नकोस. मी लिहितेय.

वहिनी: वन्सं, गाडी उचक्या देतेय आणि तुम्ही वही काय काढून बसलात?

वन्सं: एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काढलीत मी. मुलांनी चंचुपात्र फोडलं तरी आधी नोंद, मग ओरडा. सांग, पहिल्यांदा चावी फिरवलीस तेव्हा काय झालं?

वहिनी: नुसतं कुंई कुंई.

वन्सं: कितीदा?

वहिनी: पाचदा. सहाव्यांदा लागली आणि तेव्हापासून अशी थरथरतेय. आत बसलं की दात वाजतात.

वन्सं: "शनिवार. नऊ वाजून दहा. ऊन. सहाव्या प्रयत्नात सुरू. थरथर." पुढे?

वहिनी: पुढे काय! बारा वाजता तुमच्या भावाला दवाखान्यातून सोडणार, आणि मेस्त्री म्हणतो संध्याकाळी येतो. आठ दिवसांच्या पावसानं त्याच्याच गॅरेजात गुडघाभर पाणी. म्हणाला, ताई, इथं बारा गाड्या पोहतायत, तुमची निदान उभी तरी आहे.

वन्सं: मग टॅक्सी बोलव. छोट्याला टॅक्सीनं आणू.

वहिनी: साठीला आलेल्या माणसाला छोट्या म्हणता ते म्हणता. पण टॅक्सीनंच आणायचं असतं तर पहाटे पाचला उठून मी काचा कशाला पुसल्या असत्या?

वन्सं: ते मी विचारलेलं नाही.

वहिनी: मग ऐका. उद्या दहा वाजता भंगारवाला येतोय. पलंगावर पडल्या पडल्या फोनवर ठरवून मोकळे झाले. 'डाव्या पायात सळई घातलीय, क्लच कोण दाबणार, गाडी कोण चालवणार?' सव्वीस वर्षांची गाडी, एका फोनमध्ये गेली.

वन्सं: पाय दाबतच नाही ना तो. व्यायाम घेणारी मुलगी दोन महिने कानीकपाळी ओरडतेय, काका, फरशी दाबा, फरशी दाबा. हा छताकडे बघतो.

वहिनी: हाड जुळलंय म्हणतात डॉक्टर. मनच धरत नाहीये. म्हणून म्हणते, आज ही गाडी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली, चालवणारं कुणीतरी आहे हे त्यांना डोळ्यांनी दिसलं, तर उद्याचा माणूस हात हलवत परत जाईल. टॅक्सीनं आणलं की संपलं. गाडी गेली, आणि तो पायही गेला असं धरा.

वन्सं: हं.

वहिनी: वन्सं, तुम्हाला एक सांगायचं होतं. दवाखान्यात डबा न्यायला मी रोज तासभर आधी निघायचे ना, ते काही थेट दवाखान्यात नव्हते जात. मी त्या चौकातल्या ड्रायव्हिंग क्लासला...

वन्सं: नंतर. आधी इंजिनाचं बोल.

वहिनी: पण ऐकून तरी घ्या!

वन्सं: तुझा फोन वाजतोय.

वहिनी: अगं बाई, यांचाच. स्पीकरवर टाकते. तुम्ही काही बोलू नका. हं, बोला!

छोट्या: निघालात का गं?

वहिनी: अहो, दहासुद्धा वाजले नाहीत. बाराला सोडणार ना तुम्हाला?

छोट्या: हो, कागद तयार होतायत. मागे कसला आवाज येतोय?

वहिनी: मिक्सर.

छोट्या: मिक्सर?

वन्सं: मिक्सरच आहे रे. मी वाटण वाटतेय.

छोट्या: ताई, तुमचा मिक्सर मिसिंग मारतोय.

वन्सं: म्हणजे?

छोट्या: म्हणजे तुमच्या मिक्सरला चार सिलिंडर आहेत आणि चारही धड पेटत नाहीयेत. कोण बसलंय गाडीत? तो भंगारवाला आजच उगवला का?

वन्सं: नाही रे. बॅटरी उतरू नये म्हणून जरा सुरू करून बघितली. मेस्त्रीनं.

छोट्या: त्याला म्हणावं रेस देऊ नको उगाच. पाऊस पडून गेला की ही अशीच करते. डेल्कोच्या टोपीत ओल धरली असेल. काळी टोपी, दोन क्लिपा आहेत. उघडायची आणि आतून पुसायची. वायरी उपटू नको म्हणावं, अदलाबदल झाली की बसा बोंबलत. टोपी आहे तशी उलटी करायची फक्त.

वहिनी: सांगते.

छोट्या: आणि कापड नरम घे म्हणावं. नाहीतर... जाऊ दे. काय करायचंय? उद्या जायचीच आहे. टॅक्सी तेवढी वेळेवर बोलवा.

वहिनी: ठेवला. ऐकलंत? नरम कापड घे म्हणाले.

वन्सं: ऐकलं. भंगारात टाकायच्या वस्तूला नरम कापड.

वहिनी: मग? बोलवू टॅक्सी?

वन्सं: इंजिन बंद कर. चावी काढून माझ्या हातात दे. आणि पदर खोच, तो लोंबतोय.

वहिनी: कुठली हो ती टोपी? इथं सगळंच काळं आहे.

वन्सं: जिच्यातून पाच जाड वायरी निघतात ती. मधली करंट आणते आणि बाकीच्या चौघी एकेका सिलिंडरला पोचवतात. पोस्टमन घरोघर पत्रं टाकतो तसं.

वहिनी: तुम्हाला कसं माहीत?

वन्सं: सहावीपासून दहावीपर्यंतचं सगळं मला माहीत आहे. त्याच्या पुढचं विचारू नकोस.

वहिनी: ही एक क्लिप. ही दुसरी. निघाली! अगंबाई, हे बघा.

वन्सं: काय आहे?

वहिनी: आतून नुसते थेंब. गरम जेवण डब्यात भरून झाकण लावलं की झाकणाला धरतात ना, तसे.

वन्सं: पाऊस शिरलाय आत.

वहिनी: पाऊस शिरला असता तर ओघळ दिसले असते, चिखल दिसला असता. आणि बॉनेटच्या आतल्या पत्र्याला हात लावून बघा. तिथंही तसेच बारीक थेंब. हे वरून पडलेलं पाणी नाही, वन्सं. हा घाम आहे.

वन्सं: गाडीला घाम येत नाही.

वहिनी: रेनकोट घालून भर दुपारी चौकापर्यंत जाऊन या, मग बोला.

वन्सं: रेनकोट.

वहिनी: काय झालं? चेहरा का पडला तुमचा?

वन्सं: थांब. मागची पानं बघू दे. "सोमवार. मुसळधार. गाडी उघड्यावर. पहिल्या झटक्यात सुरू. मंगळवार. मुसळधार. गाडी उघड्यावर. पहिल्या झटक्यात सुरू."

वहिनी: मी रोज सकाळी पाच मिनिटं सुरू करून ठेवते, ते तुम्ही खिडकीतून लिहून ठेवत होतात?

वन्सं: पावसाची नोंद करतेच मी. त्याच ओळीत जागा उरते. "बुधवार. पाऊस. पहिल्या झटक्यात सुरू. सायंकाळी गाडीवर प्लास्टिक घातले. गुरुवार. दुसऱ्या झटक्यात. शुक्रवार. चौथ्या." आणि आज...

वहिनी: सहाव्या. म्हणजे प्लास्टिक घातलं तिथपासून! अहो, तुम्ही चहूबाजूंनी विटा लावल्या होत्या. वरून सुतळीनं आवळलं होतं. बरणीला दादरा बांधावा तसं. दोन दिवस दारापुरतं वर करून आत शिरत होते, आज सगळं सोडताना माझं एक नख गेलं.

वन्सं: वाऱ्यानं उडू नये म्हणून. गाडी ओली, खालची जमीन ओली. दुपारी मधेच ऊन पडायचं. आतली वाफ वर जाणार, रात्री थंड पत्र्याला लागणार, थेंब होणार. सातवीच्या पुस्तकात आहे हे. एकतीस वर्षं दरसाल काचेची हंडी पालथी घालून मी स्वतः दाखवलंय मुलांना.

वहिनी: हसू का?

वन्सं: हस. आधी मला लिहू दे. "अनुमान: दोष पावसाचा नसून झाकणारीचा."

वहिनी: खोडा हो ते!

वन्सं: शाईनं लिहिलंय.

वहिनी: पण मला एक कळत नाही. सोमवारी झाकली नाहीत, मंगळवारी नाही. बुधवारीच कशी आठवण झाली? मला वाटलं, उद्याच्या त्या माणसाच्या हवाली करायची म्हणून जपताय. फार राग आला होता मला तुमचा. म्हणूनच नाही बोलले दोन दिवस.

वन्सं: बुधवारी दुपारी पोस्टमन आला होता.

वहिनी: बुधवारी?

वन्सं: तू दवाखान्यात होतीस. तुझ्या नावाचं पाकीट, सरकारी शिक्का. मी उघडलं नाही. वरून चाचपलं फक्त. आत कार्ड होतं. तुझ्या शिलाई मशीनच्या खणात ठेवून दिलं.

वहिनी: तुम्ही ठेवलंत? मला वाटलं शेजारच्या काकूंनी! आणि तीन दिवस एक अक्षर बोलला नाहीत?

वन्सं: तू दोन महिने बोलली नाहीस.

वहिनी: कशी बोलणार? ही गाडी आली त्या वर्षी मी शिकते म्हणाले होते. आठवतंय काय म्हणाला होतात? 'घरात एक चालवणारा पुरे.' झालं. सव्वीस वर्षं मी डाव्या बाजूला बसून पर्स धरलीय.

वन्सं: आठवतंय.

वहिनी: मी तुम्हाला टोचायला नाही म्हणत.

वन्सं: टोच की. मला कुणी शिक म्हटलं नव्हतं, तर दुसरीनं शिकते म्हटलेलं मला सोसलं नाही. एवढंच होतं ते. उगाच मोठं काही नाही. बुधवारी पाकीट हातात आलं आणि वाटलं, पोरगी गाडी चालवणार. भिजायला नको गाडी.

वहिनी: बावन्न वर्षांची पोरगी.

वन्सं: पूस ती टोपी. वेळ जातोय.

वहिनी: पुसतेय. डोळे आधी पुसू का टोपी?

वन्सं: टोपी. त्या कापडाला खारट पाणी लावू नकोस, आतल्या पितळेवर आधीच पांढरट चढलंय. तेही घासून काढ. हं. आता पाच मिनिटं उन्हात धर.

वहिनी: लावली. दोन्ही क्लिपा बसल्या. द्या चावी.

वन्सं: फिरव.

वहिनी: लागली! पहिल्या झटक्यात!

वन्सं: "नऊ पंचावन्न. पहिल्या झटक्यात." चला, आवर. साडी बदलायचीय का?

वहिनी: थांबा. अजून एक टाका सुटतोय.

वन्सं: मला तर बरी वाटतेय.

वहिनी: पंचवीस वर्षं लोकांचे ब्लाउज शिवतेय मी. टाका सुटला की आधी कानाला कळतं, डोळ्यांना नंतर. ऐका. टक टक टक, नाही. टक टक टक, नाही. मघाशी कशीही अडखळत होती, आता ठेक्यात अडखळतेय. चारांतला एक कुणीतरी कामच करत नाहीये.

वन्सं: कोणता ते शोधू. एकेक वायर काढायची, सुरू करायची, ऐकायची, बंद करायची, परत लावायची. एका वेळी एकच. आणि चालू इंजिनाच्या वायरीला हात लावायचा नाही, झिणझिण्या थेट खांद्यापर्यंत येतात.

वहिनी: पहिली काढली. सुरू करते. अरे बापरे, ही तर आणखी लंगडी झाली.

वन्सं: म्हणजे पहिला काम करत होता. लाव परत. दुसरी काढ.

वहिनी: दुसरी. आणखी लंगडी.

वन्सं: तोही करत होता. तिसरी.

वहिनी: तिसरी काढली. सुरू. तशीच आहे हो. काही फरकच नाही.

वन्सं: असला काय, नसला काय, सारखाच. हाच तो.

वहिनी: प्रत्येक घरात असतो असा एखादा.

वन्सं: आता प्लग गेलाय की वायर ते बघू. तुझी इस्त्रीची फवारा मारायची बाटली आण, आणि ती जाड काळी चादर.

वहिनी: चादर कशाला?

वन्सं: वायर फुटली असेल तर करंट बाहेर उडी मारतो. उन्हात दिसत नाही, अंधार करावा लागतो. तू अन् मी बॉनेटखाली वाकायचं, वरून चादर ओढायची.

वहिनी: आणि तासभर पुसलं त्यावर आता पाणी मारायचं?

वन्सं: एकच फुसकारा, तिसऱ्या वायरीवर. वेणी आत खोव. पंख्याच्या बाजूला अजिबात जाऊ नकोस.

वहिनी: वन्सं, समोरच्या गच्चीतून सगळे बघतायत.

वन्सं: बघू देत. तिकीट लावलेलं नाही. आलीस आत? मार.

वहिनी: मारला. काही दिसत ना... दिसलं! निळं! ते बघा, वायरीच्या मधून पत्र्यावर. टिक. टिक. काय सुंदर दिसतंय हो!

वन्सं: सुंदर काय, चोरी आहे ती. प्लगला जायचा करंट वाटेतच पत्र्यावर उतरतोय. बंद कर. आण इकडे ती वायर. बघ, वाकवली की चीर दिसते.

वहिनी: नवी कुठून आणायची आत्ता? दुकानांची शटरं अर्धी पाण्यात आहेत.

वन्सं: माझ्या कपाटात, खालच्या खणात, स्वेटरच्या खाली. रबरी नळी आहे.

वहिनी: कसली नळी?

वन्सं: प्रयोगशाळेतल्या बर्नरची. निवृत्त झाले तेव्हा त्यांनी घड्याळ दिलं. मी म्हटलं, घड्याळ राहू द्या, ती दोन वीत नळी देता का. त्यांनी दोन्ही दिलं.

वहिनी: आणि दहा वर्षं स्वेटरखाली ठेवलीत?

वन्सं: चांगल्या रबराची होती. उपयोग नव्हता होत, त्याला मी काय करू? तुझी कात्री घे, उभी चीर दे, वायरीभोवती चढव. रबरातून करंट जात नाही.

वहिनी: चढवली. आता दोऱ्यानं आवळते, दर बोटावर एक गाठ. हा टाका नाही सुटायचा. आणि वायर पत्र्यापासून लांब वळवून बांधते.

वन्सं: फिरव चावी.

वहिनी: टक टक टक टक. टक टक टक टक. वन्सं!

वन्सं: बोलू नकोस. ऐकू दे जरा.

वहिनी: अकरा वाजले. आता खरं सांगू? क्लासच्या गाडीला शेजारी सरांच्या पायाखाली दुसरा ब्रेक होता. हिला नाहीये.

वन्सं: मी बसते शेजारी.

वहिनी: तुम्हाला भीती नाही वाटत?

वन्सं: वाटते. पट्टा लावलाय. चल.

(दुपारी साडेबारा. दवाखान्याचं फाटक. गाडी सुरूच आहे.)

छोट्या: ही इथं कशी? मेस्त्री घेऊन आला?

वन्सं: मेस्त्री बसलाय स्टीअरिंगवर. नीट बघ.

छोट्या: अगं! तू तिथं काय करतेस?

वहिनी: आधी बसा. वॉकर वन्संकडे द्या, त्या मागे बसतायत. पाय हळूच आत घ्या. दार लावलं?

छोट्या: लायसन्स?

वन्सं: बुधवारी आलं.

छोट्या: म्हणजे सगळ्या जगाला माहीत, मला सोडून.

वन्सं: मलाही कुणी सांगितलं नव्हतं. मी चाचपलं.

छोट्या: गप्प बसा दोघी जरा. चारही पेटतायत.

वहिनी: कळलं ना?

छोट्या: कळणार नाही? टोपीच होती ना?

वहिनी: टोपी होती, आणि तिसरी वायर. तडकली होती. तिला बर्नरची नळी घातलीय.

छोट्या: कसली नळी? आणि तिसरी हे कुणी शोधलं?

वन्सं: आम्हीच. चादरीत शिरून. घरी गेल्यावर सांगते.

छोट्या: कापड कसलं घेतलं होतं?

वहिनी: तुमचा जुना बनियन.

छोट्या: धुतलेला?

वहिनी: निघू का मी?

छोट्या: एक वायर गेली म्हणजे बाकीच्याही जाणार. चारही एकदमच बदलायला हव्यात. सोमवारी.

वहिनी: उद्या दहाला तो माणूस येतोय ना?

छोट्या: त्याला नऊलाच फोन करायला हवा मग. आरसा बघ. मागून सायकल येतेय, जाऊ दे तिला. हं. पहिला टाक.

वहिनी: टाकला.

छोट्या: क्लच हळू सोड. हळू. हळू. बरोबर. आता दाब पूर्ण, दुसरा टाक. पूर्ण दाब गं, अर्धवट नको!

वन्सं: छोट्या, तू काय करतोयस?

छोट्या: काय करतोय? बसलोय.

वन्सं: पायानं.

छोट्या: ही अर्धाच दाबते, म्हणून मग माझा...

वहिनी: काय झालं? मी समोर बघतेय, मला सांगा कुणीतरी.

छोट्या: माझा पाय गेला खाली. आपोआप.

वहिनी: डावा?

छोट्या: क्लचला उजवा लावतात का?

वन्सं: दोन महिने ती मुलगी सांगतेय, फरशी दाबा, फरशी दाबा.

छोट्या: फरशी दाबून काय होणार, ताई? फरशी कुठं जाते?

वन्सं: दुखलं का?

छोट्या: दुखलं. थोडं. तू मागे नीट टेकून बस ना, मानेवर श्वास सोडतेयस माझ्या.

वहिनी: अहो, पुढं चौक आला. मोठ्या रस्त्यानं सरळ नेऊ, का बाजारातून?

छोट्या: सरळ ने. बाजारात गर्दी असते, पावलोपावली गिअर बदलावे लागतात.

वन्सं: वहिनी, बाजारातून घे.